उडणाऱ्या रोहितांवर (फ्लेमिंगोंवर) फोकस लागत नाही, कोणती पद्धत धरावी?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, बँकेत नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन डीपीएस तलावावर जाते. तीन महिन्यांपूर्वी वापरलेली निकॉन डी७२०० बॉडी आणि निकॉनचीच २००-५०० लेन्स घेतली. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो छान येतात. मागच्या महिन्यात उथळ पाण्यात उभा असलेला शेकाट्या मिळाला, त्याच्या लाल डोळ्याची कडसुद्धा स्वच्छ दिसते.

आज मात्र फार वाईट वाटलं. भरती चढली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि रोहितांचे थवे तलावात विसावायला येतात, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या हिशोबाने साडेदहापासून बसून होते. अकराच्या सुमाराला शंभरएक पक्षी वळसा घेऊन आले आणि समोरच्या खारफुटीला लागून उतरत गेले. मी बटणावरून बोट उचललंच नाही. घरी येऊन पाहिलं तर ३४० फोटोंतले जेमतेम सात-आठ ठेवण्यासारखे. एका फोटोत मागच्या खारफुटीचं पान न् पान मोजता येतं आणि पुढचा रोहित म्हणजे नुसता गुलाबी कापूस. काही फोटोंत तर सगळंच सॉफ्ट म्हणजे धूसर आहे, पक्षीही आणि झाडंही.

सेटिंग असं होतं: फोकस एएफ-ए वर म्हणजे पद्धत कॅमेऱ्यानेच ठरवायची, पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्याकडे म्हणजे ऑटो एरिया, शटर १/६४०, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ऑटो.

ओळखीतले एक जण म्हणतात मिररलेस म्हणजे आतला आरसा नसलेला कॅमेरा घ्या, प्रश्नच मिटेल. दुसरे म्हणतात बॅक बटन फोकस लावा, म्हणजे शटरऐवजी मागच्या बटणावर अंगठ्याने फोकस करा. व्हिडिओ बघावेत तर कोणी थ्रीडी ट्रॅकिंग म्हणतं, कोणी सिंगल पॉइंट. मला नवीन कॅमेरा आत्ता परवडणार नाही. रोहित अजून दोन-तीन महिने आहेत, तेवढ्यात हे शिकायचंच आहे. नेमकं काय धरू?

नवशिका_ऐरोली | रविवार, रात्री ९:३२

ताई, अगदी माझाच प्रश्न विचारलात. माझ्याकडे कॅनन १५००डी आणि ५५-२५० आहे. ऐरोलीच्या बोटीतून दोनदा गेलो, दोन्ही वेळा हेच. धागा धरून बसतो.

येऊरवाट | रविवार, रात्री १०:०५

ताई, आधी एक सांगतो. तुमची बॉडी आणि लेन्स दोन्ही या कामाला पुरेशी आहेत. मी सहा वर्षं डी७२०० वरच पक्षी केले, येऊरच्या जंगलात आणि खाडीवरही.

उत्तर देण्याआधी तुम्ही एक काम करा. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. फोटो उघडला की त्यात फोकस पॉइंट दाखवायची सोय आहे. ती चालू करून फसलेले वीस-तीस फोटो बघा. चौकोन कुठे आहे? पक्ष्यावर की झाडावर? आणि जे फोटो पूर्ण सॉफ्ट आहेत, त्यांत चौकोन कुठे आहे? एवढं सांगा, मग नीट लिहितो. अंदाजाने दिलेल्या सल्ल्याने तुमचा आणखी एक रविवार जाईल.

पामबीच | रविवार, रात्री १०:४०

मी मिररलेसवाला, कॅनन आर७. माझा अनुभव लिहितो म्हणजे ताईंना त्या बाजूचंही कळेल.

एकटा पक्षी मोकळ्या आकाशात असेल तर काही करावंच लागत नाही. प्राणी ओळखण्याची सोय चालू ठेवली की चौकट घारीच्या डोळ्यावर जाऊन बसते. रोहितांचा थवा आला की मात्र गंमत संपते. शंभर डोकी, शंभर डोळे, आणि चौकट या मानेवरून त्या मानेवर उड्या मारते. मला ज्या पक्ष्याचा फोटो हवा असतो तो सोडून मागचा शार्प येतो. मग मीसुद्धा फोकसचा भाग छोटा करतो, मधला छोटा झोन ठेवतो आणि ओळख फक्त तेवढ्यात चालू देतो. म्हणजे कुठे बघायचं हे मलाच सांगावं लागतं. फांद्यांच्या आडच्या पक्ष्यालाही तेच.

आणखी एक. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर उडणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, कारण या बॉडीचा सेन्सर ओळीओळीने आणि जरा सावकाश वाचला जातो. मी पक्ष्यांना मेकॅनिकल शटरच वापरतो. नवीन कॅमेऱ्याने बरंच सोपं होतं हे खरं, पण ताईंचा कापूस झालेला रोहित त्याने आपोआप सुधारला असता असं मी म्हणणार नाही.

खाडीकाठ | सोमवार, रात्री ८:५०

येऊरवाट, सांगितल्याप्रमाणे पाहिलं. डोळे उघडले. जिथे खारफुटी शार्प आहे तिथे तीन-चार चौकोन पेटलेले आहेत, बहुतेक झाडांवर, एखादा पंखाच्या टोकावर. काही फोटोंत चौकोन पक्ष्याच्या अंगावर आहे तरी पक्षी सॉफ्ट, पंखांची टोकं तर पार फिस्कटलेली. आणि शेवटचे साठएक फोटो, जे मी पलीकडच्या काठावर उतरलेल्या थव्याचे काढले, त्यांत चौकोन बरोबर पक्ष्यांवर आहे, पक्षी उभे आहेत, तरी सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं लागतं.

येऊरवाट | सोमवार, रात्री ११:१५

म्हणजे तुमच्याकडे तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींना आपण 'फोकस लागत नाही' असं एकच नाव देतोय. सावकाश लिहितो.

शेवटच्या साठ फोटोंपासून सुरुवात करतो, कारण त्यांत कॅमेऱ्याचा काही दोष नाही. अकरा-साडेअकराला ऊन चढलेलं असतं. तापलेला बांध आणि ओला चिखल यांच्यावरची हवा हलायला लागते, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतात तशा झळा. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून दीड-दोनशे मीटरवरचा पक्षी म्हणजे एवढ्या सगळ्या हलत्या हवेतून बघणं. फोकस पद्धत कुठलीही लावा, ते फोटो तसेच येणार. उपाय दोनच, लवकर जाणं किंवा पक्षी जवळ येईपर्यंत थांबणं. भरती सकाळी सात-आठला असेल तो दिवस तलावासाठी धरा, वर्षभराचं भरतीचं कोष्टक सहज मिळतं.

पंखांची टोकं फिस्कटलेली, हे शटरचं दुखणं. १/६४० उडणाऱ्या पक्ष्याला कमी आहे. रोहित वाटतो तितका संथ उडत नाही. १/२००० धरा, अगदीच उजेड कमी असेल तर १/१६००. आयएसओ ८००-१००० झाला तरी चालेल, फोटोत उमटणारे दाणे परवडतात, हललेला पंख नाही.

आता खरं फोकसचं दुखणं, पान न् पान मोजता येणारा फोटो. इथे सगळे लोक तीन प्रश्न एकात कालवतात, म्हणून व्हिडिओ बघून गोंधळ होतो. लेन्सची मोटर कधीपर्यंत चालू राहणार, हा एक प्रश्न. एएफ-एस म्हणजे एकदा लागला की थांबली, एएफ-सी म्हणजे बटण दाबलेलं आहे तोवर मागे धावत राहणार. कॅनन त्यालाच वन शॉट आणि सर्वो म्हणतं. चौकटीत कुठे बघायचं, हा दुसरा प्रश्न. सिंगल पॉइंट, ९ पॉइंट, २१ पॉइंट, थ्रीडी, ऑटो ही सगळी त्याची उत्तरं. आणि मोटर कुठल्या बोटाने सुरू करायची, हा तिसरा. बॅक बटन हे फक्त त्या तिसऱ्याचं उत्तर आहे. बॅक बटन लावून तुम्ही ऑटो एरियावरच राहिलात तर फोकस खारफुटीवरच जाईल, फक्त अंगठ्याने जाईल.

पहिल्याचं उत्तर उडत्या पक्ष्याला एकच, एएफ-सी. एएफ-ए मध्ये विषय हलतोय की नाही हे कॅमेरा ठरवतो. त्याने एकदा 'स्थिर आहे' असं ठरवून कुलूप लावलं की पक्षी दोन मीटर पुढे गेला तरी त्याला पत्ता नाही.

दुसरं उत्तर पक्ष्यावर ठरत नाही, पक्ष्याच्या मागे काय आहे त्यावर ठरतं. मागे मोकळं आकाश असेल तर ५१ पॉइंट लावले तरी चालतील, कारण पकडायला दुसरं काहीच नाही. मागे खारफुटी असेल तर कॅमेऱ्याला तिथे मेजवानी आहे, गडद खोडं, चमकणारी पानं, शेकडो कडा. पक्ष्याच्या अंगावर तेवढ्या ठळक कडा नसतात, रोहित तर गुळगुळीत गुलाबी. ५१ पॉइंट मोकळे सोडले तर फोकस झाडाकडेच जाणार. म्हणून खारफुटीसमोर ९ पॉइंट डायनॅमिक. तुम्ही मधला पॉइंट पक्ष्यावर धरायचा, तो क्षणभर निसटला तर शेजारचे आठ सांभाळून घेतात. सिंगल पॉइंटमध्ये ती सवलत नाही, आणि सव्वादोन किलोची लेन्स हातात धरून एकाच पॉइंटवर पक्षी ठेवणं सुरुवातीला जमत नाही.

मधलाच पॉइंट का, तर डी७२०० चे ५१ पैकी मधल्या तीन उभ्या रांगांतले १५ पॉइंटच क्रॉस टाइप आहेत. म्हणजे ते आडव्या आणि उभ्या दोन्ही कडा ओळखतात. कडेचे पॉइंट एकाच दिशेची कड ओळखतात. चौकट सुंदर दिसावी म्हणून पक्षी कोपऱ्यात ठेवायचा मोह होतो, तो क्रॉप करताना पुरवा.

थ्रीडी वाईट नाही. ते रंगावरून माग काढतं, त्यामुळे राखाडी चिखलासमोरच्या गुलाबी पक्ष्यावर बरं चालतं. पण थव्यात सगळेच गुलाबी.

आणखी दोन गोष्टी तुमच्याच बॉडीत आणि लेन्सवर आहेत. मेनूत 'फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन' आहे, तो ३ वर असतो, ५ वर न्या. म्हणजे पॉइंट झाडावर घसरला तरी कॅमेरा लगेच तिकडे पळत नाही, जरा वाट बघतो. आणि लेन्सच्या डाव्या अंगाला फोकस लिमिटर आहे, तो 'फुल' वरून '∞-६ मीटर' वर. नाहीतर पकड सुटली की लेन्स पार जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, तोवर थवा सीवूड्सला पोचलेला असतो.

कळवापूल | मंगळवार, सकाळी ७:४०

येऊरवाट, सुरेख लिहिलंत. बॅक बटनाबद्दल मात्र माझं मत सांगतो. मी लग्नाची कामं करतो, अठरा वर्षं झाली. बॅक बटन सरसकट सगळ्यांनी लावावं असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. मंगलाष्टकांत अक्षता पडतात तेव्हा दुसरा कॅमेरा असिस्टंटच्या हातात असतो. त्या पोराला अंगठ्याची सवय नसते. एकदा माझीच बॉडी त्याच्या हातात दिली, पाऊण तास तो शटर दाबत राहिला आणि मोटर एकदाही फिरली नाही. कन्यादानाचे फोटो गेले. त्या मुलीच्या वडिलांसमोर उभं राहणं काय होतं ते मला माहीत आहे. तेव्हापासून कामाच्या बॉडीवर फोकस शटरवरच.

येऊरवाट | मंगळवार, सकाळी ९:२०

कळवापूल दादा, तुमचं कारण खरं आहे आणि ते कामाचं कारण आहे. कॅमेरा दोघांच्या हातात जाणार असेल तर मीही लावणार नाही.

पक्ष्यांना मी लावतो त्याचं कारण वेगळं. वंचक (तळ्याकाठचा छोटा बगळा) काठावर निश्चल उभा असतो आणि पुढच्या क्षणी चोच पाण्यात घालतो किंवा उडतो. अंगठा सोडला की फोकस जिथल्या तिथे थांबतो, धरून ठेवला की मागे धावतो. एएफ-एस आणि एएफ-सी मध्ये उलटसुलट करावं लागत नाही, दोन्ही एकाच अंगठ्यात. डी७२०० ला वेगळं एएफ-ऑन बटण नाही, पण एई-एल/एएफ-एल बटणाला ते काम देता येतं. ते दिलं की शटर अर्धं दाबून फोकस होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

ताई, पहिले दोन आठवडे तुम्ही हे लावू नका. एका वेळी एकच बदल.

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी १:०५

माझं क्षेत्र निराळं, ठाण्याच्या गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहात प्रायोगिक नाटकांचे, नृत्याचे फोटो काढते. पण वरचं 'मागे काय आहे' हे वाचून थांबले, कारण रंगमंचावरही हाच नियम आहे. मागे काळा पडदा असेल तर फोकसला पकडायला फक्त नट असतो, मोठा भाग ठेवला तरी चालतो. नेपथ्यात खिडकीची जाळी किंवा पुस्तकांचं कपाट असलं की सिंगल पॉइंट आणि तो थेट चेहऱ्यावर, डोळ्याच्या रेषेवर. भरतनाट्यमला मी एएफ-सी ठेवते, कारण नर्तिका पुढे-मागे सतत येते. दोन पात्रांचा बसून चाललेला प्रवेश असेल तर एएफ-एस.

आणि कळकळीची विनंती, नाट्यगृहात जाणार असाल तर एएफ असिस्टचा, म्हणजे अंधारात फोकसला मदत करणारा दिवा मेनूतून बंद करा. अंधारात तो नटाच्या डोळ्यांत जातो. मागे एका प्रयोगात दुसऱ्या रांगेतून तो दिवा सारखा लागत होता, बाईंचं स्वगत चालू होतं, त्यांनी नजर फिरवली आणि एक वाक्य गेलं. आम्हा सगळ्याच फोटो काढणाऱ्यांना त्यानंतर मागच्या रांगेत बसवतात, आणि ते रास्तच आहे.

नवशिका_ऐरोली | मंगळवार, रात्री ९:५५

माझ्या १५००डी ला तर नऊच पॉइंट आहेत. मग मी काय करू?

येऊरवाट | मंगळवार, रात्री १०:३०

नऊपैकी फक्त मधला क्रॉस टाइप आहे. बाकीचे विसरा, मधला एकटा ठेवा आणि एआय सर्वो. पक्षी चौकटीच्या मध्यावर, क्रॉप नंतर. ऐरोलीची बोट भरतीला सुटते आणि बोटही हलते, पक्षीही हलतो, त्यामुळे शटर १/२००० च्या खाली नको. सकाळची फेरी मिळाली तर तीच घ्या. आपण खाडीच्या पूर्व काठावरून पश्चिमेला बघतो, सूर्य पाठीशी राहतो. दुपारनंतर समोरून उजेड येतो, पक्षी काळपट होतात आणि फोकसही चाचपडतो.

वाऱ्याकडेही बघा. रोहित पाण्यावर धावत जाऊन उडतात आणि वाऱ्याला सामोरे उडतात. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणजे थवा आपल्याकडे पाठ करून उडणार.

रीळवाला | बुधवार, दुपारी ४:२०

इथे सगळे मोटरबद्दल बोलताहेत म्हणून एक जुनी गोष्ट घालतो, कारण तिच्यामुळे आजही लोकांचे पैसे जातात. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला, त्यात फोकसची मोटर बॉडीत होती. निकॉननेही तीच वाट धरली, बॉडीतून एक स्क्रू निघून लेन्स फिरवायचा. कॅननने १९८७ च्या ईओएस ६५० पासून मोटर लेन्समध्ये घातली. निकॉनचे नवे लेन्सही पुढे मोटरवाले झाले, पण जुने 'डी' लेन्स बाजारात भरपूर आहेत. डी७२०० मध्ये तो स्क्रू आहे. डी३५००, डी५६०० यांच्यात नाही. माझ्या भाच्याने डी५६०० साठी जुना ५० एमएम १.८डी घेतला, स्वस्त मिळाला म्हणून, आणि तीन दिवस मेनूत फोकस शोधत होता. तो लेन्स त्या बॉडीवर हातानेच फिरवायचा. सेकंडहँड घेताना आपल्या बॉडीवर लेन्स लावून बघा.

पामबीच | बुधवार, रात्री ८:१५

रीळवाला काका, फार उपयोगी. हे एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवाल्यांनाही लागू आहे. निकॉन झेड बॉडीवर एफटीझेड लावून जुना स्क्रूवाला लेन्स चढवला तरी ऑटोफोकस मिळत नाही.

खाडीकाठ | दुसऱ्या आठवड्याचा रविवार, दुपारी २:३०

मंडळी, हकीकत सांगायला आले.

आधीचे दिवस तलावावर गेलेच नाही. एएफ-सी, ९ पॉइंट, मधला पॉइंट, १/२०००, लिमिटर ६ मीटरवर, लॉक-ऑन ५. एवढं लावून रोज सकाळी साडेसहाला इमारतीच्या गच्चीवर घारींवर सराव केला. पहिले दोन दिवस पक्षी चौकटीत सापडेचना. मग एक युक्ती सापडली. ५०० वर शोधायचं नाही, २०० वर शोधायचं, फोकस धरायचा आणि मग झूम करत जायचं. आणि थेट घारीवर कॅमेरा उचलण्याआधी साधारण तेवढ्याच अंतरावरच्या पाण्याच्या टाकीवर एकदा फोकस लावून घ्यायचा. मग घार चौकटीत आली की निदान घारीसारखी दिसते, नुसता धूसर डाग दिसत नाही. चौथ्या दिवशी एक घार अशी मिळाली की पंजात धरलेली काडीसुद्धा शार्प आहे. घरटं बांधत असावी.

काल सकाळी भरती लवकर होती म्हणून तलावावर गेले. २१० फोटो, त्यांतले पन्नासेक चांगले. खारफुटीसमोरचेही! एका रोहिताच्या पंखाखालचा काळा आणि गुलाबी पट्टा इतका स्वच्छ आलाय की माझ्या आईने चष्मा काढून, फोन डोळ्यांपाशी धरून पाहिला.

पण एक शंका उरली. जवळच्या पक्ष्यांत, साधारण पंधरा मीटरवर, चौकोन डोक्यावर असतो तरी डोळा किंचित सॉफ्ट आणि मागच्या पंखाची पिसं जास्त शार्प. लांबच्या पक्ष्यांत हे जाणवत नाही. माझं काही चुकतंय का?

येऊरवाट | रविवार, सायंकाळी ६:१०

ताई, फार आनंद झाला. टाकीची युक्ती मी कुणाला सांगायला विसरतो आणि तुम्ही ती स्वतः शोधलीत.

तुमचं चुकत नाहीये. अंतराचं गणित बघा. ५०० मिलिमीटर, एफ/५.६, तुमचा सेन्सर. चाळीस मीटरवर जवळजवळ दीड मीटरचा पट्टा शार्प असतो, पंधरा मीटरवर तो वीतभर उरतो. त्यामुळे फोकस थोडा मागे पडत असेल तर लांबच्या पक्ष्यात झाकला जातो, जवळच्यात उघडा पडतो.

तो मागे का पडतो ते सांगतो. डीएसएलआरमध्ये फोटो सेन्सरवर उमटतो आणि फोकस मोजणारा भाग वेगळा, आरशाखाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेला असतो. दोघांचं अंतर केसभर जुळलं नाही की मोजणारा म्हणतो 'लागला' आणि सेन्सरला तो जरा मागे दिसतो. मिररलेसमध्ये सेन्सरच मोजतो, म्हणून हा आजार तिथे सहसा होत नाही.

घरी तपासा. गॅलरीत पाच काडेपेट्या तिरक्या ओळीत मांडा, प्रत्येक पेटी आधीच्यापेक्षा चार बोटं मागे. ट्रायपॉड, १० मीटर अंतर, ५०० वर, एफ/५.६, व्हीआर (हाताचं हलणं सावरणारी लेन्सची सोय) बंद. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या पेटीवर सिंगल पॉइंट लावून दहा फोटो काढा, दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूमध्ये तुमचा कॅमेरा सेन्सरवरूनच फोकस करतो, सावकाश पण बिनचूक. तिथे मधली पेटी शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून चौथी शार्प, असं दहापैकी आठदा झालं तर निदान पक्कं. मेनूत एएफ फाइन ट्यून आहे, -२० ते +२०. अधिक म्हणजे फोकस लांब, उणे म्हणजे जवळ. तुम्हाला उणे लागेल. एकदम मोठा आकडा नको, -३ पासून सुरू करा.

कळवापूल | रविवार, रात्री ९:००

काडेपेट्या सकाळच्या उजेडात मांडा, ट्यूबलाइटखाली नको. दिव्याच्या रंगाने फोकस थोडा सरकतो हे मी हॉलवर अनुभवलंय.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री १०:२०

झालं! दहापैकी नऊदा चौथी पेटी. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहाही वेळा मधली. -३ ने थोडं सुधारलं, -६ ला जास्त झालं, -५ वर स्थिर. आज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तळ्याकाठी पंधरा मिनिटं थांबले, एक वंचक बारा-तेरा मीटरवर होता. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं आणि चोचीवरचा पाण्याचा थेंब, दोन्ही शार्प.

आता बॅक बटन लावू का? दोन आठवडे झाले.

येऊरवाट | गुरुवार, रात्री १०:४५

लावा. वंचकावरच सुरुवात करा, तो तुम्हाला उभा राहून शिकवेल. रविवारी भरती सव्वासातला आहे, मी ठाण्याहून पहिल्या लोकलने नेरूळला येतो. नवशिका, तुम्हीही या, १५००डी वर स्टार बटणाला फोकस कसा द्यायचा ते तिथेच दाखवतो.

नवशिका_ऐरोली | गुरुवार, रात्री १०:५२

येतो दादा. सहा वाजता स्टेशनवर असेन. चहाचा थर्मास माझ्याकडे.